मुलाच्या कागदावर आपला हात नको

(महाशिवरात्रीनंतरच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज सभेपुढे जो प्रश्न आहे तो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. रविवारी सकाळी आपल्या मंडळाच्या सभागृहात मुलांचा चित्रकलेचा वर्ग भरतो. त्या वर्गाबद्दल कार्यकारिणीकडे तक्रारी आल्या आहेत. "बाई काही शिकवीत नाहीत," "मुले नुसते रंग सांडून येतात," "फी भरून पोराने घरी आणलेले चित्र कशाचे आहे तेही ओळखू येत नाही," अशा त्या तक्रारी. छापील चित्रांच्या प्रती काढून मुलांना रंगवायला द्याव्यात आणि बाईंना ते पटत नसेल तर दुसऱ्या शिक्षिका पाहाव्यात, असेही सुचविण्यात आले आहे. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी तिथे असता, तेव्हा तुम्हीच चार शब्द बोला."

मी तिथे असते हे खरे. सभागृहाची किल्ली माझ्याकडे आहे. दार उघडायचे, सतरंज्या घालायच्या, डब्यांत पाणी भरून ठेवायचे आणि वर्ग सुटेपर्यंत मागे बसून घरून आणलेली ज्वारी निवडायची, एवढे माझे काम. शिक्षण माझे सातवीपर्यंत. हिला चित्रकलेतले काय कळते, असे कुणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण दीड वर्ष मागे बसून जे डोळ्यांनी पाहिले ते सांगायला सातवी पुरते.

वर्ग सुरू झाला त्या पहिल्या रविवारी बाईंनी मुलांना कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, "तुम्हांला हवे ते काढा." पंचवीसएक मुले होती. अर्ध्या तासाने बाईंनी कागद जमिनीवर ओळीने मांडले. बहुतेक सगळ्यांनी एकच चित्र काढले होते! दोन डोंगर, मध्ये उगवता सूर्य, डोंगरांतून वळत आलेली नदी, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात चार आकड्यासारखे पक्षी. मला हसूच आले. आपल्या सोलापुरात असे डोंगर कुठे आहेत, आणि घराच्या दारात नारळ कुणाच्या आहे? मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले त्यात काहीच नव्हते. कुणीतरी केव्हातरी फळ्यावर काढून दिले होते, तेच हातात बसले होते.

हे चित्र मला चांगले ओळखीचे. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेत मी पाचवीत असताना गुरुजींनी "निसर्गचित्र काढा" म्हणून सांगितले. आमच्याकडे काळी जमीन, नजर पोचेल तिथवर सपाट, आणि त्यात ज्वारी. मी ज्वारीचे रान काढले. त्यात माळा आणि माळ्यावर गोफण घेऊन पाखरे राखणारी माझी थोरली बहीण. गुरुजी आले, म्हणाले, "डोंगर कुठंय? डोंगराशिवाय निसर्ग असतो का?" आणि त्यांनी लाल पेन्सिलीने माझ्या रानाच्या मागे दोन डोंगर काढले. माझ्या बहिणीच्या डोक्यातून डोंगराची रेघ गेली. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनाही कुणीतरी तसेच शिकविले असणार. डोंगर म्हणून मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर तुळजापूरला देवीला गेले तेव्हा. पण त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत मी चित्राच्या तासाला डोंगरच काढले, दुसरे काही नाही.

म्हणून आपल्या बाईंचा पहिला नियम मला फार मोलाचा वाटतो. त्या मुलाच्या कागदावर स्वतःचा हात कधी चालवीत नाहीत. कितीही वाकडे असो, अर्धे असो, त्या त्यावर रेघ ओढीत नाहीत.

भगिनींनो, यात काय एवढे, असे म्हणाल. आपण संक्रांतीला रांगोळ्यांची स्पर्धा घेतली. समजा, तुम्ही दोन तास बसून रांगोळी घातली आहे, आणि परीक्षकबाई आल्या, "इथे जरा चुकलेच तुमचे," म्हणून त्यांनी तुमच्या रांगोळीत बोट फिरवून ती नीट करून दिली. रांगोळी दिसायला कदाचित बरी होईल, पण तुमची राहील का? पुढच्या वर्षी तुम्ही नाव द्याल का? आपल्याला जे सोसणार नाही ते आठ वर्षांच्या पोराला सोसत असेल, असे आपण का धरून चालतो?

आता तक्रारीतल्या एका चित्राबद्दल बोलते. आपल्या पेठेत बऱ्याच घरांतून विड्या वळल्या जातात. अशाच एका घरची सात वर्षांची मुलगी वर्गाला येते. घरी तेलुगू बोलतात, मराठी तिला अजून नीट येत नाही, म्हणून वर्गात फारशी बोलत नाही. तिने आई काढली. डोके बोराएवढे, पाय नाहीतच, आणि हात मात्र कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. एका हाताला मी मोजून नऊ बोटे पाहिली. मांडीवरचे सूप काढले होते आणि सुपातून खालची मांडीही दिसत होती. शेजारचा मुलगा हसला. बाई तिच्याजवळ खाली बसल्या.

"हे कोण गं?"

"अम्मा."

"आणि हात एवढे मोठे?"

"हाताला लई काम असतंय."

बाई म्हणाल्या, "मग बरोबर आहे." बस्स, एवढेच. उठून दुसरीकडे गेल्या. मुलीने थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि मग आपणहून आईच्या बोटांत दोरा काढला, बाजूला कात्री काढली, पानांची थप्पी काढली. दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणाऱ्या बाईची बोटे तिच्या लेकीला नऊ दिसली तर त्यात काय चुकले, ते मला सांगा. छापील चित्रातल्या आईला पाचच बोटे असतील, पण ती कुणाची आई?

मी नंतर बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, लहान मुले डोळ्यांना दिसते ते काढीत नाहीत, त्यांना ठाऊक असते ते काढतात. सुपाखाली मांडी आहे हे मुलीला ठाऊक आहे, म्हणून ती काढते. जे महत्त्वाचे ते मोठे काढते, बाकीचे सोडून देते. आणि हे सगळीकडच्या मुलांचे सारखेच असते. आधी नुसत्या रेघोट्या, मग गोल, मग गोलालाच फुटलेले हातपाय, मग खाली जमिनीची एक रेघ आणि वर आकाशाची एक पट्टी. आपली पोरे भिंती खराब करतात तेव्हा याच क्रमाने करतात, हे मला पटले. माझ्या घरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत हे सगळे वर्ग अजून शाबूत आहेत.

हे काही आपल्या बाईंनी मनाने काढलेले खूळ नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक नावाचे एक कलाशिक्षक होते. ते सुताराच्या घरी भाड्याने राहत. त्या घरातली पोरे त्यांच्या खोलीत येऊन त्यांच्या रंगांनी चित्रे काढीत. मोठ्यांच्या शिकवणीवाचून काढलेल्या त्या चित्रांत त्यांना काहीतरी निराळेच दिसले, आणि १८९७ साली त्यांनी केवळ मुलांसाठी वर्ग उघडला. नक्कल करायला लावायची नाही, हे त्याचे सूत्र. आणि व्हिएन्ना दूर वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातले सेवाग्राम घ्या. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कला शिकवायला वर्ध्याला आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. त्यांचे हिंदी पुस्तक बाईंनी मला वाचायला दिले. माझे हिंदी बाजारातले, तरी दुपारी घरची माणसे झोपल्यावर जमेल तसे वाचीत असते. सूत, शेती, सफाई यांच्या जोडीला चित्र आणि माती हीही मुलाच्या वाढीला लागतात, असा त्यांचा विश्वास होता. त्यात सगळ्यांनी चित्रकार व्हावे असा हेतू नव्हता.

मोकळीक म्हणजे पोरांना वाऱ्यावर सोडणे, असा मात्र समज करून घेऊ नका. बाई काही शिकवीत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एक रविवार माझ्याशेजारी येऊन बसावे, मी ज्वारीही निवडायला देईन. ब्रश डब्यात उभा बुडवून ठेवायचा नाही, केस वाकडे होतात. एका रंगातून दुसऱ्यात जाताना धुऊन फडक्याला टिपायचा. तयार हिरवा रंग बाई देत नाहीत, निळा आणि पिवळा देतात आणि म्हणतात, "आता लिंबाच्या कोवळ्या पाल्याचा करा, आता जून पाल्याचा करा." मुले त्यात किती वेळ रमतात! एकाने पिवळ्यात काळ्याचा ठिपका टाकला आणि मळकट हिरवा निघाला. तो ओरडलाच, "बाई, ह्यो पोपटी न्हाई, ह्यो शेवाळाचा झाला!" आपण भाजीत मीठमिरचीचे प्रमाण हाताने शिकलो, तसेच हे.

आणि मूल अडले तर? एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हैस काढून द्या." बाईंनी काढून दिली नाही. आपल्या सभागृहामागे गवळ्याचा गोठा आहे, तिथे त्याला पाठविले. म्हणाल्या, "शिंगे कुठून निघतात आणि कुठे जातात एवढे पाहून ये." पोरगा दहा मिनिटांनी धावत आला, "बाई, शिंगं वर न्हाईत, मागं जात्यात, पार खांद्यापतोर!" आपल्या पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगे आपण रोज पाहतो, पण पाहतो कुठे? त्याने मग जी म्हैस काढली तिची शिंगे शेपटीपर्यंत पोचली होती. बाई हसल्या नाहीत. "पाहून आलास ना? मग पुढची म्हैस आणखी पाहून काढ," म्हणाल्या. पुढच्या दोन रविवारी त्याने म्हशीच काढल्या.

गड्ड्याच्या यात्रेनंतरचे नंदीध्वजाचे चित्र तर तुमच्यापैकी कित्येकींनी पाहिले आहे. एका मुलाला काठी कागदात मावेना. तो रडकुंडीला आला. छापील पद्धतीने शिकविणारी बाई म्हणाली असती, काठी लहान काढ. आपल्या बाईंनी दुसरा कागद दिला आणि डिंकाची वाटी पुढे केली. असे करीत चार कागद एकावर एक चिकटविले. खाली बाराबंदी घातलेली माणसे मुंगीएवढी आणि वर काठी गेली आहे ती गेलीच आहे. त्याच्या आईने चार कागद वाया गेले म्हणून तक्रार केली. ती आज समोरच बसली आहे आणि मला तिचा राग नाही. पण ताई, गड्ड्यावर गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून मान वर करून पाहिलेली काठी तेवढीच उंच असते, हो!

वारलीचेही असेच होऊ लागले आहे, म्हणून दोन शब्द. हल्ली शाळेच्या भिंतीवर, पिशवीवर, कपबशीवर वारली चित्रे असतात. त्रिकोणावर त्रिकोण ठेवला की झाला माणूस, असे मुलांना शिकवितात आणि सगळ्यांकडून तारपा नाचाचे तेच एक वेटोळे काढून घेतात. मूळचे लग्नाचे चौक वारल्यांच्या सवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत डहाणूकडचे जिव्या सोमा मशे कागदावर काढू लागले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्यांच्या काही चित्रांत मासे धरायचे जाळेच साऱ्या कागदभर पसरलेले असते, आणि माणूस बाजूला एवढासा. बोराएवढ्या डोक्याची आपली विडीवाली अम्मा पाहिल्यावर मला ते जाळे आठवले. त्रिकोणांची नक्कल केली म्हणजे ते जाळे येत नाही.

काही जणींची काळजी परीक्षेची आहे. शासनाची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही रेखाकलेची परीक्षा असते, दहावीला तिचे जादा गुण मिळतात. ही काळजी रास्त आहे. त्या परीक्षेत वस्तू समोर ठेवून काढायची असते, अक्षरलेखन, भूमिती असते, आणि त्याला सराव लागतोच. बाईंचे म्हणणे असे की, दहा-अकराच्या पुढे मुलालाच आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते. तांब्याचे तोंड गोल असून लांबट का दिसते, असे ते आपणहून विचारते. त्या वेळी त्याला ते शिकवावे, झटकन बसते. अशा मोठ्या मुलांसाठी वर्गानंतर एक तास जादा घ्यायला बाई तयार आहेत आणि किल्ली घेऊन थांबायला मी तयार आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला परीक्षेचा तांब्या कशाला? भाकरी शिकणाऱ्या पोरीची पहिली भाकरी नकाशासारखी व्हायची. सासूने प्रत्येक वेळी ती मोडून आपल्या हाताने थापली तर भाकरी गोल होईल खरी, पण सुनेचा हात कधी वळणार नाही.

एक गोष्ट कायद्याचीही सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला मारायला तर मनाई आहेच, पण त्याचा मानसिक छळही करता येत नाही. चित्र सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवून हसणे हा छळ नाही तर काय? आपला वर्ग शाळा नव्हे, म्हणून कायदा लागू नाही असे कुणी म्हणेल. न लागो. घरी आल्यावर "हे काय काढलंस? शेजारची बघ कशी काढते!" एवढे वाक्य जरी आपण गिळले तरी पुष्कळ आहे. त्यापेक्षा "यातले मला सांग की," असे विचारावे. मूल सांगू लागते आणि मग चित्र ओळखू येते. ओळखू येत नाही ही आपली तक्रार आहे ना? विचारले की येते.

पैशांचे म्हणाल तर फी देणाऱ्या आईला काहीतरी दाखविण्यासारखे घरी यावे असे वाटणारच. तुटपुंज्या मिळकतीतून पैसे बाजूला काढणे काय असते, ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून माझ्या दोन सूचना आहेत, त्यांवर सभेने मत द्यावे. वर्ग आहे तसा आणि आहे त्या बाईंकडे पुढील वर्षभर राहावा. आणि पाडव्याला आपला वर्धापनदिन आहे, त्या दिवशी पहिला-दुसरा-तिसरा नंबर न काढता वर्गातल्या प्रत्येक मुलाचे एक चित्र लावावे. कोणते लावायचे ते मुलाने ठरवावे. चित्राचे नाव आणि स्वतःचे नाव मुलाने स्वतःच्या अक्षरात, मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, येईल त्या लिपीत लिहावे. बक्षिसांना ठेवलेल्या पैशांतून ब्रश घ्यावेत. आहेत त्यांतल्या अर्ध्यांचे केस गेले आहेत.

चित्रे मुलांच्या डोळ्यांना येतील अशा उंचीवर लावायची आहेत, म्हणजे आपल्याला थोडे वाकून पाहावे लागेल. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मी दोन पाट ठेवणार आहे. नंदीध्वज मात्र जिन्यातच लावावा लागेल, दुसरीकडे मावत नाही. सुतळी माझ्याकडे आहे. कपड्यांचे चिमटे कमी पडतात. घरटी सहा-सहा चिमटे शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या, आणि आपापल्या चिमट्यांना खूण करून ठेवा, म्हणजे मागाहून कुणाचे कुठले यावरून माझ्या दारात भांडण नको.